स्टेरॉइड संप्रेरके आणि जनुकांचे नियंत्रण : एका प्रश्नाचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासात काही प्रश्न असे आढळतात की, त्यांचे उत्तर सापडण्यास लागलेल्या कालावधीपेक्षा त्यांची योग्य मांडणी होण्यास लागलेला कालावधी अधिक असतो. स्टेरॉइड संप्रेरके शरीरात नेमके काय करतात, हा प्रश्न याच वर्गातील होय. आज जीवशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर एका परिच्छेदात मिळते : संप्रेरक पेशीत शिरते, तेथील विशिष्ट ग्राही प्रथिनाशी संयोग पावते, हे संयुक्त केंद्रकातील डीएनएच्या ठराविक स्थळी बसते आणि त्या स्थळाच्या अधीन असलेल्या जनुकांचे प्रतिलेखन वाढते किंवा घटते. हे विधान वाचताना विद्यार्थ्याला ते जणू स्वयंसिद्ध वाटते. वस्तुतः त्यातील प्रत्येक उपवाक्यामागे एक स्वतंत्र वाद आहे. त्या वादांचा क्रम, आणि विशेषतः कीथ यामामोटो या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाच्या संशोधनाचे त्या क्रमातील स्थान, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. एन्झाइमांचे युग

१९२९ मध्ये एस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळाले. पुढील दोन दशकांत स्टेरॉइड संप्रेरकांची रासायनिक रचना मोठ्या वेगाने उलगडत गेली. अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातील संप्रेरकांवरील कार्याबद्दल केंडाल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे १९५० च्या सुमारास या पदार्थांची रचना ज्ञात होती आणि त्यांचे शारीरिक परिणामही ज्ञात होते. अज्ञात होता तो या दोहोंमधील दुवा. अत्यल्प मात्रेत दिलेले एस्ट्रॅडिओल गर्भाशयाची वाढ घडवून आणते, हे दिसत होते. ती वाढ कोणत्या मार्गाने होते, हे मात्र कोणालाही सांगता येत नव्हते.

त्या काळच्या जीवरसायनशास्त्राने या प्रश्नाकडे आपल्या स्वाभाविक दृष्टीने पाहिले. ते युग एन्झाइमांचे होते. जीवनसत्त्वे ही सह-एन्झाइमांचे घटक म्हणून कार्य करतात, हा शोध तेव्हा ताजा व यशस्वी होता. अत्यल्प मात्रेत प्रभावी ठरणारा पदार्थ एखाद्या एन्झाइमाचा साहाय्यकच असला पाहिजे, हे अनुमान त्यामुळे सहज वाटत होते. मानवी अपरेच्या अर्कावर काम करताना पॉल तलाले आणि विल्यम्स-अॅशमन यांनी १९५८ मध्ये असे दाखविले की, एस्ट्रॅडिओल आणि एस्ट्रोन यांच्या परस्पर-रूपांतरातून हायड्रोजन एका सह-एन्झाइमाकडून दुसऱ्याकडे नेला जातो. या क्रियेमुळे पेशीला ऊर्जा व जैवसंश्लेषणाची साधने उपलब्ध होतात आणि तेच संप्रेरकाचे कार्य होय, असा सिद्धांत त्यातून निघाला. तो निराधार नव्हता. परीक्षानळीतील क्रिया खरोखरच घडत होती. परंतु जिवंत प्राण्याच्या गर्भाशयात हीच क्रिया वाढीस कारण होते काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला होता.

२. जेन्सन यांचा उलटा प्रश्न

शिकागो विद्यापीठातील एलवूड जेन्सन हे शिक्षणाने सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ. १९४७ मध्ये ते चार्ल्स हगिन्स यांच्या सहवासात आले व संप्रेरकांच्या अभ्यासाकडे वळले. संप्रेरक ऊतीचे काय करते, हा प्रश्न सर्वजण विचारीत होते. जेन्सन यांनी त्याऐवजी ऊती संप्रेरकाचे काय करते, असा प्रश्न विचारला. वरवर पाहता हा केवळ शब्दांचा फेर वाटेल. पण पहिल्या प्रश्नाला अनंत उत्तरे संभवत होती, तर दुसऱ्याला प्रयोगाने तपासता येतील अशी मोजकीच.

अडचण होती ती मात्रेची. एस्ट्रॅडिओलची प्रभावी मात्रा इतकी सूक्ष्म असते की, कार्बन-१४ ने अंकित केलेल्या संप्रेरकाचा किरणोत्सर्ग ऊतींमध्ये मोजणे शक्य नव्हते. अधिक मात्रा दिल्यास मोजणी शक्य होई, परंतु मग ते शारीरिक क्रियेचे चित्र राहत नसे. जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी समस्थानिक, एस्ट्रॅडिओलच्या रेणूत अतिशय उच्च प्रमाणात बसविण्याची रीत सिद्ध केली. हे अंकित संप्रेरक अपक्व मादी उंदरांना शारीरिक मात्रेत दिले असता दोन गोष्टी दिसून आल्या. रक्त, यकृत इत्यादी ठिकाणी किरणोत्सर्ग थोड्याच वेळात ओसरला. गर्भाशय व योनिमार्ग यांत मात्र तो तासन्तास टिकून राहिला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती : गर्भाशयात जे टिकून राहिले ते एस्ट्रॅडिओलच होते. त्याचे एस्ट्रोनमध्ये रूपांतर झालेले नव्हते.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट होता. संप्रेरक स्वतः न बदलता गर्भाशय वाढवीत असेल, तर हायड्रोजनच्या ने-आणीवर आधारलेला सिद्धांत टिकत नाही. शिवाय काही निवडक ऊतींनीच संप्रेरक धरून ठेवले, याचा अर्थ त्या ऊतींत ते धरून ठेवणारा काहीतरी विशिष्ट पदार्थ असला पाहिजे. १९५८ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय जीवरसायनशास्त्र परिषदेत जेन्सन यांनी हे निष्कर्ष मांडले. त्याच वेळी दुसऱ्या सभागृहात स्टेरॉइडे व एन्झाइमे या विषयावर चर्चासत्र चालू होते व तेथे मोठी गर्दी होती. आपल्या व्याख्यानाला केवळ पाच जण होते आणि त्यांपैकी तिघे त्याच सत्रातील इतर वक्ते होते, असे जेन्सन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

३. केंद्रकाकडे

जेन्सन यांच्या प्रयोगाने ग्राहीचे अस्तित्व सुचविले. ग्राही काय करतो ते सांगितले नाही. जनुकांकडे निर्देश करणारा पहिला ठळक पुरावा अगदी वेगळ्या दिशेने आला. बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलोग्रॅम कोशस्थ कीटकांतून एक्डायसोन या कात-संप्रेरकाचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. हे संप्रेरकही स्टेरॉइडच आहे, हे पुढे सिद्ध झाले. १९६० मध्ये उलरिख क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते कायरोनोमस माशीच्या अळ्यांत टोचले. या अळ्यांच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यापट्ट्यांनी स्पष्ट दिसतात. संप्रेरक टोचल्यानंतर अल्पावधीतच एका ठराविक पट्ट्याच्या जागी, व त्यामागोमाग दुसऱ्या ठराविक जागी, फुगवटे उमटले. हे फुगवटे म्हणजे आरएनएच्या निर्मितीची स्थळे होत. संप्रेरकाने विशिष्ट जनुके जागृत केली, ही गोष्ट जणू डोळ्यांनी पाहता आली.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंतील जनुक-नियंत्रणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. लहान रेणू नियंत्रक प्रथिनाशी संयोग पावतो आणि त्यामुळे जनुकाचे काम सुरू होते किंवा थांबते, ही कल्पना त्यामुळे सर्वमान्य होऊ लागली. विस्कॉन्सिन येथे जेराल्ड म्यूलर यांनी आरएनए व प्रथिने यांच्या निर्मितीत अडथळा आणणारी द्रव्ये वापरून, एस्ट्रॅडिओलचे गर्भाशयावरील परिणाम त्या निर्मितीवर अवलंबून असतात, हे दाखविले. १९६६ मध्ये टॉफ्ट आणि गोर्स्की यांनी गर्भाशयाच्या अर्कातून संप्रेरक धारण करणारे प्रथिन वेगळे करून दाखविले. १९६८ मध्ये जेन्सन व गोर्स्की यांच्या गटांनी द्विपदी सिद्धांत मांडला : ग्राही मुळात पेशीद्रवात असतो, संप्रेरकाच्या संयोगानंतर त्याचे रूप पालटते व तो केंद्रकात जातो.

येथवरची प्रगती मोठी होती, परंतु तर्कदृष्ट्या एक पोकळी राहिली होती. ग्राही केंद्रकात जातो आणि जनुकांचे काम वाढते, या दोन घटना एकापाठोपाठ घडतात, एवढेच सिद्ध झाले होते. पहिली दुसरीचे कारण आहे, हे सिद्ध झाले नव्हते.

४. उत्परिवर्तित पेशींची साक्ष

या पोकळीपासूनच यामामोटो यांच्या संशोधनाचा आरंभ होतो. १९४६ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात जन्मलेले यामामोटो प्रिन्स्टन विद्यापीठात ब्रूस आल्बर्ट्स यांच्या मार्गदर्शनाखाली एस्ट्रॅडिओलच्या ग्राहीचा अभ्यास करीत होते. ग्राही डीएनएला चिकटतो, हे त्यांना दिसले. परंतु तो कोणत्याही डीएनएला सारख्याच प्रमाणात चिकटे. यावरून डीएनए हे ग्राहीचे खरे लक्ष्य नव्हेच, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. १९७५ मध्ये यामामोटो व आल्बर्ट्स यांनी नेमके उलट मत मांडले. सस्तन प्राण्याच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज बेसजोड्या असतात. त्यांत ग्राहीची खास स्थळे शेकड्यांनी किंवा हजारांनी असली, तरी उरलेल्या प्रचंड डीएनएशी होणाऱ्या दुर्बळ संयोगात ती पूर्णपणे झाकली जातील. म्हणजे खास स्थळे न दिसणे हा ती नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. प्रयोगाची रीतच ती दाखविण्यास असमर्थ आहे. आपल्या साधनाची मर्यादा आकड्यांनी निश्चित करणारा हा युक्तिवाद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा, अशा योग्यतेचा आहे.

दरम्यान यामामोटो सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गॉर्डन टॉमकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले होते. तेथे एस-४९ नावाच्या, उंदराच्या लसिकार्बुदापासून मिळविलेल्या पेशी वापरल्या जात. डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडाच्या सान्निध्यात या पेशी मरतात. अशा कोट्यवधी पेशींना डेक्सामेथासोन दिल्यास ज्या थोड्या जगतात, त्या संप्रेरकाला दाद न देणाऱ्या उत्परिवर्तित पेशी असतात. मृत्यूच येथे चाळणीचे काम करतो.

१९७४ मध्ये यामामोटो, स्टॅम्फर व टॉमकिन्स यांनी या वाचलेल्या पेशींच्या ग्राहींची तपासणी प्रसिद्ध केली. अनेक पेशींत ग्राहीची संप्रेरक धरण्याची शक्तीच नष्ट झाली होती. परंतु दोन वर्ग विशेष बोधप्रद ठरले. एका वर्गात ग्राही संप्रेरक धरीत होता, पण डीएनएविषयीची त्याची ओढ मंदावली होती. यावरून संप्रेरकाशी संयोग पुरेसा नाही, डीएनएशी संयोगही आवश्यक आहे, हे दिसले. दुसऱ्या वर्गात ग्राही प्रमाणाहून लहान होता व डीएनएला अधिकच घट्ट चिकटत होता. तरीही पेशी मरत नव्हत्या. यावरून डीएनएशी संयोगही आवश्यक असला तरी पुरेसा नाही, ग्राहीच्या रेणूत आणखी एखादा कार्यकारी भाग असला पाहिजे, हे अनुमान निघाले. ग्राहीचे जनुक हाती येण्यापूर्वी अकरा वर्षे त्या रेणूच्या त्रिविध कार्याचा आराखडा अशा रीतीने केवळ उत्परिवर्तनांच्या साक्षीवरून रेखाटला गेला. या लहान ग्राहीत प्रथिनाच्या आरंभीचा, प्रतिलेखनास चालना देणारा भाग गळालेला असतो, हे पुढे १९९० मध्ये स्पष्ट झाले.

५. खास स्थळाचा शोध

विस्तीर्ण डीएनएत खास स्थळ शोधावयाचे, तर शोधाचे क्षेत्र आकुंचित करणे भाग होते. त्यासाठी निवडलेले साधन म्हणजे उंदरांत स्तनार्बुद निर्माण करणारा विषाणू. या विषाणूची जनुके पेशीच्या डीएनएत सामावली जातात आणि डेक्सामेथासोन दिल्यावर त्यांचे आरएनए झपाट्याने वाढते. ही वाढ प्रथिननिर्मिती रोखली असतानाही होते, हे रिंगोल्ड, यामामोटो व सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास दाखविले. म्हणजे मध्ये दुसरे कोणते नवे प्रथिन घडण्याची गरज नव्हती. ग्राहीचा परिणाम प्रत्यक्ष असण्याची शक्यता बळावली. या विषाणूचा सबंध जनुकसंच काही हजार बेसांचाच असल्याने गवताच्या गंजीची जागा आता मूठभर गवताने घेतली होती.

१९८१ मध्ये स्वीडनमधील गुस्ताफसन यांच्या गटाने शुद्ध केलेला ग्राही वापरून पायव्हार, यामामोटो व सहकाऱ्यांनी असे सिद्ध केले की, विषाणूच्या डीएनएतील ठराविक तुकड्यांनाच तो विशेष ओढीने चिकटतो. १९७५ च्या युक्तिवादात गृहीत धरलेली न दिसणारी स्थळे अखेर दिसली. याच काळात जर्मनीत मिगेल बेआटो यांच्या गटानेही स्वतंत्रपणे याच विषाणूवरील स्थळे निश्चित केली.

तरीही एक आक्षेप उरत होता : परीक्षानळीत ग्राही ज्या तुकड्याला चिकटतो, तोच तुकडा जिवंत पेशीत नियंत्रण करतो कशावरून? तलाले यांच्या सिद्धांताचे अपयश ज्यांना स्मरत होते, त्यांना या आक्षेपाचे वजन कळण्यासारखे होते. १९८३ मध्ये चँडलर, मालर व यामामोटो यांनी त्याला निर्णायक उत्तर दिले. ज्या जनुकाचा स्टेरॉइडांशी काही संबंध नाही, अशा परक्या जनुकाच्या आरंभस्थळाला त्यांनी विषाणूतील तो तुकडा जोडला व ही रचना पेशींत घातली. ते परके जनुक आता संप्रेरकाच्या आज्ञेत आले. तुकड्याची दिशा उलटविली किंवा त्याचे अंतर बदलले, तरी परिणाम टिकून राहिला. जे चिकटण्याचे स्थळ तेच नियंत्रणाचे स्थळ, हे अशा रीतीने सिद्ध झाले. १९५८ पासून प्रलंबित असलेला प्रश्न येथे सुटला, असे म्हणण्यास हरकत नाही.

६. ग्राहींचे कुल आणि एका सिद्धांताची दुरुस्ती

१९८५ मध्ये साल्क संस्थेतील रोनाल्ड एव्हन्स यांच्या गटाने मानवी ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीच्या जनुकाची संपूर्ण मांडणी प्रसिद्ध केली. यामामोटो यांच्या गटानेही त्याच सुमारास उंदराच्या ग्राहीचे जनुक हस्तगत केले होते. १९८६ मध्ये स्ट्रासबर्ग येथील पिएर शांबाँ यांच्या गटाकडून व शिकागोहून एस्ट्रोजेन ग्राहीची मांडणी आली. त्यांच्या तुलनेतून सर्वांनाच अनपेक्षित असे साम्य उघड झाले. थायरॉइड संप्रेरक व अ जीवनसत्त्वापासून होणारे रेटिनॉइक आम्ल ही रचनेने स्टेरॉइडे नव्हेत. पण त्यांचे ग्राही याच कुलातील निघाले. मानवी जनुकसंचात या कुलाची ४८ जनुके आहेत. १९९१ मध्ये लुइसी, सिग्लर, यामामोटो व सहकाऱ्यांनी ग्राहीचा डीएनए धरणारा भाग व डीएनए यांच्या संयुक्त स्फटिकाची रचना प्रसिद्ध केली.

याच काळात जुन्या द्विपदी सिद्धांतालाही दुरुस्ती सोसावी लागली. १९८४ मध्ये किंग व ग्रीन यांनी, आणि स्वतंत्रपणे गोर्स्की यांच्याच प्रयोगशाळेने, असे दाखविले की, एस्ट्रोजेन ग्राही संप्रेरकाच्या अभावीही केंद्रकातच असतो. पेशी फोडताना तो बाहेर झिरपतो आणि म्हणून पेशीद्रवात आढळतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही मात्र संप्रेरकाच्या अभावी बहुतांशी पेशीद्रवात, अन्य प्रथिनांच्या सोबतीने राहतो. सिद्धांताच्या एका जनकाच्याच प्रयोगशाळेने त्याची दुरुस्ती करावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यामामोटो यांच्या उत्तरकालीन संशोधनाचा रोख एका नव्या प्रश्नाकडे वळला. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही एकच असतो; मग यकृतात त्याचा परिणाम एक व लसिकापेशीत दुसरा, असे का? १९९० मध्ये त्यांच्या गटाने असे एक स्थळ दाखविले की, तेथे शेजारी असलेल्या दुसऱ्या नियंत्रक प्रथिनाच्या घटकांनुसार तोच ग्राही जनुकाचे काम कधी वाढवितो, तर कधी दडपतो. २००९ मध्ये त्यांनी दाखविले की, स्थळाच्या बेसक्रमातील सूक्ष्म भेदही ग्राहीचे रूप व कार्य बदलतात. डीएनए हे केवळ ग्राहीचे आसन नसून त्याला आकार देणारा घटकही आहे. ग्राही जनुकाला आज्ञा देतो, ही भाषा त्यामुळे अपुरी ठरली. आज्ञेचा अर्थ ती कोठे व कोणाच्या सान्निध्यात दिली जाते यावर ठरतो.

७. रुग्णशय्येशी संबंध

हा इतिहास केवळ प्रयोगशाळेचा नाही. हगिन्स यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी प्रगत स्तनकर्करोगावर अधिवृक्क ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिचा लाभ सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांनाच होई. उरलेल्या स्त्रियांना या मोठ्या शस्त्रक्रियेचे क्लेश सोसूनही काही मिळत नसे आणि कोणती स्त्री कोणत्या गटातील, हे आधी सांगता येत नसे. अर्बुदात एस्ट्रोजेन ग्राही आहे की नाही हे मोजल्यास ही निवड करता येते, असे जेन्सन यांनी १९७१ च्या सुमारास दाखविले. ज्यांच्या अर्बुदात ग्राही नाही, त्यांना संप्रेरक-वियोगाचा उपचार क्वचितच लागू पडतो. पुढे शस्त्रक्रियेची जागा ग्राहीलाच अडविणाऱ्या टॅमॉक्सिफेनने घेतली. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. आज स्तनकर्करोगाच्या निदानात ग्राहीची तपासणी नित्याची झाली आहे. व्हिएन्नातील पाच श्रोत्यांपुढे मांडलेल्या निष्कर्षाचे हे फळ होय.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत कोविड-१९ च्या रुग्णांना दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिले असता कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील सुमारे एक-पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ दिसला नाही. द्रव्य तेच व ग्राहीही तोच. परंतु परिणाम परिस्थितीसापेक्ष. जनुकपातळीवरील निष्कर्षावरून रुग्णावरील परिणाम थेट काढता येत नाही, तो चाचणीनेच ठरवावा लागतो, हा इशाराही येथे आहे.

८. उपसंहार

या साठ-सत्तर वर्षांच्या वाटचालीत पुराव्याचे स्वरूप पायरीपायरीने कसे पालटले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. जेन्सन यांनी संप्रेरकाच्या गतीचा माग काढला. क्लेव्हर व कार्लसन यांनी जनुकांची जागृती पाहिली. उत्परिवर्तित पेशींनी आवश्यक व पुरेसे यांतील भेद स्पष्ट केला. शुद्ध ग्राहीने स्थळ दाखविले आणि परक्या जनुकाला जोडलेल्या तुकड्याने कारणसंबंध प्रस्थापित केला. यांपैकी कोणतीही पायरी मागील पायरीवाचून शक्य नव्हती; पण मागील पायरीतच पुढील पायरी सिद्ध झाली, असे मानले असते तर हा शोध मध्येच थांबला असता. एन्झाइम-सिद्धांताच्या पुरस्कर्त्यांचे प्रयोग चुकीचे नव्हते. परीक्षानळीत जे घडते तेच शरीरातील कारण होय, ही उडी मात्र त्यांनी पुराव्यावाचून घेतली. १९८१ चा निष्कर्ष हाती असतानाही १९८३ चा प्रयोग करण्याची गरज ज्यांना वाटली, त्यांनी ती उडी टाळली. या विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्या संशोधकाने आपल्या सामग्रीकडे पाहताना प्रथम हाच भेद तपासावा.